मास्तरांनी दिलेली नावं

मुलांनो, एक चित्र डोळ्यांपुढे आणा. बोईसरचा बाजार, रविवारची सकाळ, जून लागलेला पण आभाळ अजून कोरडं ठाक. तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सिमेंटच्या आणि सळयांच्या लॉऱ्या एकामागून एक चालल्या आहेत, सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर पदर धरताहेत, आणि या सगळ्यातून सत्तावन्न वर्षांचे एक मास्तर, एका हातात धोतराचा सोगा, एक चप्पल मागे राहिलेली, असे पळताहेत. हसू आलं तर हसा, बाजारातली माणसंही हसली. पण हसून झालं की थोडं त्यांच्याबरोबर पळून बघा. अनवाणी पायाला तापलेली खडी कशी लागते, श्वास कुठं अडतो, आणि पुढे दहा-बारा पावलांवर निळी चड्डी घातलेला एक पाच वर्षांचा मुलगा लॉऱ्यांच्या कडेकडेनं मजेत चालला असताना एवढं पळावं का लागतं, ते बघा.

घडलं होतं एवढंच, की नातू बोट सोडून पुढे गेला होता. मुलगी विजया कांदे निवडत बसली होती. मान वर करून ती म्हणाली, "बाबा, त्याला हाक मारा ना, फार पुढे गेला." पुंजाराम मास्तरांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षं या गळ्यानं चाळीस-चाळीस पोरांचा गलका गप्प केला होता, पावसाच्या आवाजावर चढून पाढे म्हणवून घेतले होते. त्या गळ्यातून आता नुसती हवा आली. मुलाचं नाव जिभेच्या मुळाशी आलं आणि तिथंच बसलं. मग पाय आपोआप सुटले. दंडाला धरून त्यांनी नातवाला परत आणलं तेव्हा विजया कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हाक मारायची सोडून धावलात काय? पडला असता म्हणजे?"

"ऐकू गेलं नसतं त्याला," मास्तर म्हणाले. "लॉऱ्यांचा आवाज केवढा."

"पोर तं इथंच व्हतं, आजोबा," कांदेवाली म्हणाली. "नुस्तं शुक म्हनलं असतं तरी वळलं असतं. तुमी तं जशी म्हसच सुटली." आणि मागे राहिलेली चप्पल तिनं त्यांच्यापुढे सरकवली.

मुलाचं नाव जिवा. पाच वर्षं हे नाव मास्तरांनी तोंडात येऊ दिलं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण विजया आणि तिचा नवरा प्रताप तेव्हा भिलाईला होते. बारशाला मास्तरांना जाता आलं नव्हतं. नंतर विजयाचं कार्ड आलं, 'तुमच्या आवडीचं नाव ठेवलं आहे, ओळखा पाहू,' आणि खाली ते नाव. कार्ड वाचून मास्तर पालघरच्या आपल्या खोलीत बराच वेळ पाण्याच्या पिंपाकडे बघत बसले होते. आवडीचं का म्हणाली ते त्यांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना. तेव्हापासून प्रत्येक पत्रात 'चि. बाळास अनेक आशीर्वाद' असंच जाई. पत्रात चालून जातं. पण दोन महिन्यांपूर्वी प्रतापला तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर काम मिळालं, त्यांनी बोईसरजवळ सरावलीत दोन खोल्या घेतल्या, आणि दर रविवारी पालघरहून इकडे यायचं ठरून गेलं. समोर उभ्या असलेल्या मुलाला 'चि. बाळ' म्हणता येत नाही. 'अरे', 'इकडे ये', 'राजा', 'गुलामा' असं करत त्यांनी आठ रविवार काढले होते. मूल शहाणं होतं, कशालाही ओ देई. पण ओ देण्याआधी क्षणभर थांबे, जणू कुणीतरी दुसरं येतंय का बघे, आणि त्या क्षणात मास्तर दुसरीकडे बघत.

दुपारी जेवायला बसल्यावर प्रतापनं आपल्या वडिलांचं, नागोरावांचं, पत्र वाचून दाखवलं. उद्या सोमवारी मुलाचं शाळेत नाव घालायचं होतं, आणि नागोरावांनी यवतमाळहून कळवलं होतं की जिवा हे गड्यामाणसाचं नाव आहे, लाडानं घरात काय हवं ते म्हणा, शाळेत मात्र अजय, संजय असं काहीतरी आजचं घाला.

"स्वतः नागोराव," प्रताप म्हणाला, "आणि नातू संजय पाहिजे. माझ्या हाताखाली पाच अशोक आहेत. वर चढलेल्याला हाक मारली तर खालचे चार माना वर करतात. आणि तिकडे आमच्या मुंबईच्या साहेबांनी मुलाचं नाव रायबा ठेवलंय. विलायतेला जाऊन आलेले ते. त्यांची बाई म्हणते, आता जुन्या नावांतच गंमत आहे."

शेजारच्या खोलीतल्या सोजराबाई जवसाची चटणी द्यायला आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच टेकल्या. "खरं आहे त्यांचं. आमच्या गल्लीत चार राजेंद्र. जेवायला या म्हणून ओरडलं की चारीच्या चारी येतात, त्यातला माझा कोणता ते ताट वाढल्यावर कळतं. आणि नागोराव म्हटलं की दारातून आधी मिशा आत येतात, मग माणूस. संजय म्हटलं तर काय येतं? पावडरीचा वास."

सगळे हसले. मुलगाही हसला, सगळे हसतात म्हणून.

"मामंजींना दुखवायला नको," विजया म्हणाली. "बाबा ठरवतील. उद्या शाळेतही बाबाच जाणार आहेत त्याला घेऊन. सोजराबाई, तुम्हाला माहीत नाही, पाड्यावरच्या शाळेत बाबांनी किती मुलांना नावं दिली. भिका म्हणून यायचा आणि भास्कर होऊन घरी जायचा. सांगा ना बाबा, एखादं छानसं नाव."

मास्तरांनी भाताचा घास तोंडात घेतला होता. त्या घासाबरोबर एक विचार आत आला, आणि तो किती सुखाचा आहे हे कळून त्यांना स्वतःची भीती वाटली. एकदा शाळेत दुसरं नाव लागलं की हळूहळू घरातही तेच होईल. जिवा हा शब्द या घरातून उठून जाईल. रविवारची गाडी पकडताना छातीवर दगड राहणार नाही. त्यासाठी काय करायचं? एक नाव तेवढं सांगायचं. चांगलं, सुटसुटीत, आजचं. आणि असं नाव सांगण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

जेवणं झाली, प्रताप आडवा झाला, मास्तर मागच्या दारी बाजेवर बसले. मागे मोकळं पटांगण होतं, पलीकडे आणखी खोल्यांचे पाये खणून ठेवलेले, गवंडीकाम करणारे परप्रांतीय सावलीला बसून हळू आवाजात हिंदीत काहीतरी बोलत होते. ऊन डोळ्यांत आलं आणि मास्तरांना आपल्या ट्रेनिंग कॉलेजातलं ऊन आठवलं. पहिल्या दिवशीची हजेरी. वसंत, मधुकर, दिनकर, गजानन, आणि मग 'पुंजाराम'. सगळा वर्ग हसला होता. हजेरी घेणाऱ्या गुरुजींच्याही मिशीत हसू होतं. पुढे दोन वर्षं रोज सकाळी, नाव यायच्या आधी तीन नावं, त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायला लागत. त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपल्या हाताखालच्या एकाही पोराचे कान असे तापू द्यायचे नाहीत. वाईट काय होतं त्यात? आजही त्यांना त्यात वाईट सापडत नाही, आणि खरा त्रास तोच आहे. वाईट सापडलं असतं तर तेवढं कापून टाकता आलं असतं.

मग सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, तो पाडा. सन पन्नासचा जून. कुडाची शाळा, शेणानं सारवलेली जमीन, आणि समोर एकोणीस पोरं, त्यांच्यामागे उभ्या त्यांच्या आया. "नाव?" "भिका." "नाव?" "नवशा." "नाव?" "जिवल्या." हे शेवटचं त्याची आई भागी हिनं सांगितलं होतं, आणि सांगताना पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता. आधीचे दोघे गेले, हा जिवानिशी राहिला, म्हणून जिवल्या. पाड्यावर असंच नाव ठेवतात हे मास्तरांना ठाऊक होतं. ज्याच्या आधीची गेली त्याला साधं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं नाव द्यायचं, म्हणजे नेणारा चुकतो, दुसरीकडे जातो. मास्तर हसले होते. रागानं नव्हे, प्रेमानंच. त्यांनी हजेरीवर भिकाचा भास्कर केला, नवशाचा नवीनचंद्र केला आणि जिवल्याचा जयवंत. आणि नियम घातला की शाळेच्या आवारात, वाटेवर, खेळताना, नवीच नावं चालतील. जो जुनं नाव उच्चारील त्यानं अंगठे धरून उभं राहायचं. पोरांना पहिल्यांदा मजा वाटली. मग सवय झाली. मास्तरांना तर इतकी सवय झाली की त्या वाकड्या दाताच्या, शेंबडाच्या बाहीच्या पोराकडे बघून त्यांना जयवंत याशिवाय दुसरं काही सुचेना. आपलं एक पोर आपण धुऊन काढलं असं त्यांना वाटे.

पाणी आलं ते श्रावणात. पाड्यावर पाऊस नव्हताच, ऊन होतं, पाऊस वर डोंगरात कुठंतरी पडून गेला होता. शाळा सुटली होती. ओहळातून पलीकडे जायला दगड टाकलेले होते, आणि पोरं दगडावरून दगडावर उड्या मारत जात, मास्तर अलीकडे उभे राहून बघत. त्या दिवशी जयवंत पुढे होता, निम्म्यावर. तो वाकला. खेकडा असेल, नाहीतर नुसतंच पाणी बघायला. पाठ इकडे होती. आणि मास्तरांना वळणावर ते दिसलं. पाणी नव्हतंच ते, वर पालापाचोळा धरलेली लाल माती उभी राहून चालत येत होती. आधी वास आला, मग आवाज. ते ओरडले, "जयवंत! मागे फिर! जयवंत!" काठावरची पोरंही तोंडाभोवती हात धरून ओरडली, "जयवंत, जयवंत." पोरानं ऐकलं. त्यानं मान वर केली, आणि समोर, पलीकडच्या काठाकडे बघितलं. कुणाला बोलावताहेत ते बघायला. वर्गात मास्तर डोळ्यांत डोळे घालून जयवंत म्हणत तेव्हा त्याला कळे की आपल्याला म्हणताहेत. पण पाठीमागून, पाण्यात, उन्हात, पायाला गार लागत असताना, तो जयवंत नव्हताच. पलीकडे कुणी नाही असं बघून तो पुन्हा वाकला. मास्तरांनी जुनं नाव शोधलं. ते त्यांना त्या क्षणी सापडलं नाही. अठरा वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नाही, की नियम आड आला नव्हता, भीतीही आड आली नव्हती, पोराचं खरं नाव ते विसरले होते. शेवटी भिकानं हाक घातली, "जिवल्या रे." आणि तो लगेच वळला, काय रे, अशा तोंडानं. मग तिथं दगडही दिसेनासे झाले.

आणि अजून एक गोष्ट, जी पाण्याहून जास्त वेळा त्यांच्या डोळ्यांपुढे येते. काठावर सगळी पोरं रडत होती, कुणी पाड्याकडे धावत सुटलं होतं, आणि भिका एका बाजूला जाऊन, कुणी न सांगता, खाली वाकून अंगठे धरून उभा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी भागी शाळेच्या दारात आली. आत आली नाही. "मास्तर, तुमी व्हता ना थितं?" "होतो." "हाक मारली ना तुमी?" "मारली." "काय म्हनून?" मास्तरांनी सांगितलं. तिनं ते नाव दोन वेळा ओठांत हलवून बघितलं, वाकडंतिकडं, जसा अनोळखी पदार्थ चाखून बघतात. मग तिनं विचारलं, "कोन तो?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. ती उत्तरासाठी थोडी थांबली आणि निघून गेली. त्या महिनाअखेरीला मास्तरांनी हजेरीवर जयवंत या नावावर तांबडी रेघ ओढली. पाड्यावर त्या नावाचं कुणीच गेलं नव्हतं.

"जागेच आहात?" विजया बाजेच्या पायथ्याशी येऊन बसली. मुलगा तिच्या पाठीवर लोंबकळत होता. "मला वाटलं डोळा लागला. घरी मी दुपारी तुमच्या उशाशी खेळत बसायची ना, तेव्हा तुम्ही झोपेत बोलायचात. आठवतं?"

"काय बोलायचो?"

"हेच की. जिवा, जिवल्या. किती मायेनं हाक मारायचात. आई म्हणायची, उठवू नको त्यांना. मी लहानपणीच ठरवलं होतं, मुलगा झाला तर हेच नाव ठेवायचं." तिनं मुलाचे हात गळ्यातून जरा सैल केले. "कोण होता हो तो? विद्यार्थी?"

"हो."

"हुशार होता?"

"लहान होता," मास्तर म्हणाले.

म्हणजे नाव सापडलं होतं. दुपारच्या झोपेत, वर्षानुवर्षं, रोज सापडत होतं, नको तेव्हा, ओहळापासून कोसभर दूर, गोधडीवर पडल्यापडल्या. आणि उशाशी बसून ऐकणारी ही तेव्हाची सात वर्षांची पोरगी होती, तिनं ते उचललं, जपून ठेवलं आणि आपल्या मुलाला घातलं. मास्तरांना वाटलं की आपण आता हिला सगळं सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर या मुलाकडे ती उद्यापासून कशी बघेल? त्यापेक्षा सोपी वाट समोर होती.

"अजित," ते म्हणाले. "अजित चांगलं नाव आहे. नागोरावांनाही आवडेल."

"अजित," विजयानं म्हणून बघितलं. "बरं आहे. काय रे, अजित व्हायचं का तुला?"

मुलगा तिच्या खांद्यावरून पुढे आला. "मग जिवा कुठं जाणार?"

"कुठं जातोय. घरातच राहील," विजया हसली. तेवढ्यात समोरच्या बाजूनं सोजराबाईंचा आवाज आला की नळाला पाणी आलंय, हंडे आणा, आणि ती पदर खोचत उठून गेली.

बाजेवर दोघंच राहिले. मुलगा मास्तरांच्या धोतराचा काठ बोटाला गुंडाळत होता. गुंडाळायचा, सोडायचा.

"आजोबा, तुम्ही मला हाक का नाही मारत?"

"मारतो की."

"नाही मारत. तुम्ही अरे म्हणता." पुन्हा त्यानं काठ गुंडाळला. "सकाळी मला माहीत होतं तुम्ही मागे आहात. मी वाट बघत होतो. तुम्ही पळतच आलात."

मास्तरांनी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. अवघड असलं तर सोपं करून, पण खरं. फसवं उत्तर दिलं की मुलाच्या डोळ्यांत एक पडदा येतो आणि मग तो जात नाही, हे ते नव्या शिक्षकांना सांगत. त्यांनी मुलाला पुढ्यात ओढून घेतलं.

"मी एकदा एका मुलाला हाक मारली," ते म्हणाले. "तुझ्याहून थोडा मोठा होता. पण मी त्याला भलत्याच नावानं हाक मारली. मीच दिलेल्या. त्याला कळलं नाही की मी त्यालाच बोलावतोय."

"मग?"

"मग तो मागे फिरला नाही."

"त्याचं खरं नाव काय होतं?"

मास्तरांचे ओठ हलले. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, फार जवळून, जसं मुलं घड्याळाच्या आत बघतात. मग त्याला कळलं. कसं ते सांगता येणार नाही, पण कळलं.

"माझंच?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली. नळावर हंडा भरत असल्याचा आवाज येत होता, आधी पोकळ, मग भरीव होत जाणारा, आणि त्यांनी बाजेची कड घट्ट धरली. "उद्या शाळेत गुरुजी नाव विचारतील," ते म्हणाले. "मी काय सांगू त्यांना?"

धोतराचा काठ सोडून मुलगा बाजेवरून उतरला आणि पटांगणात चालत गेला, उन्हात, वीस-पंचवीस पावलं. तिथं थांबून त्यानं एकदा मागे बघून अंतर पारखलं. मग मास्तरांकडे पाठ केली, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, कवायतीला उभं राहावं तसा.

"आता मारा," तो समोर बघत म्हणाला.

मास्तर उभे राहिले. त्यांनी छातीत हवा भरून घेतली, तोंड उघडलं, आणि काहीतरी आलंही, पण ते त्यांच्या स्वतःच्या कानापुरतंच.

मुलगा तसाच उभा होता. मानेवर घाम होता, कान लाल झाले होते. "ऐकू नाही आलं," तो म्हणाला. आणि मग न वळता, पाठ तशीच ठेवून, चाचपत, तो एक पाऊल मागे आला आणि पुन्हा थांबला.